आधी पाणी, मग प्राणी: अ‍ॅक्सोलॉटलसाठी टाकी उभारताना

इंग्लंडातल्या रेडिंग गावच्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या उत्तरेकडील भिंतीला लागून काचेची एक लांबट टाकी आहे. घरी येणारे पाहुणे तिच्यात मासे शोधतात आणि मासे दिसले नाहीत की ती रिकामी आहे असे समजून पुढे जातात. जरा वेळ थांबले, तर मातीच्या आडव्या कुंडीतून एक रुंद, हसल्यासारखे भासणारे तोंड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे तीन-तीन कल्ले बाहेर येतात. ही चिरोटा. पांढऱ्या अंगाला गुलाबी कड असल्यामुळे लेकीने तिला हे नाव दिले. तेव्हा ती नर की मादी हे कळण्याचे तिचे वय नव्हते, म्हणून नाव पुल्लिंगी राहून गेले. तिची काळपट तपकिरी सोबतीण चिंच बहुतेक वेळ मागच्या नळीत पडून असते. या दोघी आमच्याकडे २०२२च्या फेब्रुवारीत आल्या, पण त्यांच्या टाकीचे काम आदल्या सप्टेंबरातच सुरू झाले होते. मधले पाच महिने आम्ही प्राणी नव्हे, नुसते पाणी पाळत होतो. लेकीला हा उशीर मुळीच मान्य नव्हता, आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला मलाही तो अतिरेकच वाटत होता.

अ‍ॅक्सोलॉटल हा मासा नाही. तो सॅलॅमँडरच्या कुळातला उभयचर, म्हणजे बेडकाचा लांबचा नातलग. सॅलॅमँडरच्या बहुतेक जाती मोठ्या होताना कल्ले टाकून पाण्याबाहेर पडतात. अ‍ॅक्सोलॉटल मात्र कल्ल्यांसकट, बाळरूपातच वयात येतो, अंडी घालतो आणि दहा-पंधरा वर्षांचे सगळे आयुष्य पाण्यात काढतो. त्याचे मूळ घर मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को आणि चाल्को या दोन सरोवरांत होते. चाल्को माणसांनी उपसून टाकले आणि सोचिमिल्कोचे आता कालव्यांचे जाळे तेवढे उरले आहे. १९९८च्या पाहणीत त्या कालव्यांत चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० प्राणी असावेत असा अंदाज निघाला होता. २०१४मध्ये तो आकडा ३६वर आला होता. घराघरांतून पाळले जाणारे प्राणी मात्र तिथून पकडून आणलेले नसतात. १८६०च्या दशकात मेक्सिकोतून पॅरिसला ३४ अ‍ॅक्सोलॉटल नेण्यात आले, आणि आज प्रयोगशाळांत व काचेच्या टाक्यांत जे दिसतात त्यांतील बऱ्याच जणांची वंशावळ त्या ३४ जणांपाशी जाऊन पोहोचते.

टाकी मांडणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली कामाची गोष्ट म्हणजे उंची. ही सरोवरे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहेत, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्याही जवळजवळ सहाशे मीटर वर. मेक्सिको म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निवडुंग आणि ऊन येते, पण या प्राण्याला ठाऊक असलेले पाणी झऱ्यांचे, थंड, संथ आणि गढूळ होते. थंड, संथ आणि अंधूक हे तीन शब्द मनाशी पक्के धरले, तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात. आम्ही ते धरले नव्हते. पहिल्या फेरीत दुकानातून जी पिशवी भरून आणली तिच्यात हीटर होता, लखलखीत दिवा होता, निळे-जांभळे खडे होते आणि पाणी घुसळून काढणारा जोरकस फिल्टर होता. विकणाऱ्याने आम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही. आम्ही ‘फिशटँकचे सामान’ मागितले आणि त्याने तेच दिले. त्यातली एकही वस्तू आज टाकीत नाही.

टाकीसुद्धा पहिल्यांदा चुकलीच. एका शेजाऱ्यांकडून षट्कोनी, उंच, दिसायला देखणी अशी साठ लिटरची जुनी टाकी स्वस्तात मिळाली आणि मी हरखून गेले. अ‍ॅक्सोलॉटल पोहतो कमी आणि चालतो जास्त. त्याचा संसार तळावर असतो. पूर्ण वाढलेला प्राणी वीस ते तीस सेंटिमीटर लांब होतो, आणि त्या षट्कोनी टाकीच्या तळावर त्याला धड वळताही आले नसते. टाकी घेताना लिटरच्या आकड्याआधी तळाची लांबी-रुंदी मोजावी, हे मी तेव्हा शिकले. एकच प्राणी असलेल्या टाकीत निदान पंचाहत्तर लिटर पाणी लागते असे पूर्वीपासून सांगितले जाते, पण तो आकडा जेमतेम तग धरण्याचा आहे. शंभर-सव्वाशे लिटर असेल तर पाळणाराही निवांत राहतो. आम्ही शेवटी १२० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशी टाकी घेतली. तिच्यात तीस सेंटिमीटरपर्यंत पाणी भरले की ते १४४ लिटर होते. काठापर्यंत भरत नाही, कारण हा सुस्त दिसणारा प्राणी कधीतरी अचानक उसळी घेतो. वरून जाळीचे झाकण आहे ते त्यासाठीच.

१४४ लिटर पाणी म्हणजे १४४ किलो वजन, त्यावर काचेचे, वाळूचे आणि लाकडी घडवंचीचे निराळे. इथल्या जुन्या घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी वाशांवर असते, त्यामुळे लेकीच्या खोलीत टाकी ठेवण्याचा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत फेटाळला गेला. तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर, खिडकीपासून आणि घर तापवणाऱ्या रेडिएटरपासून दूर, उत्तरेच्या भिंतीशी जागा ठरली. पाणसळ लावून घडवंची चारही बाजूंनी सपाट आहे ना हे नवऱ्याने तीन वेळा तपासले. या कामात तरी त्याची चिकित्सक वृत्ती सार्थकी लागली.

तळाचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे. अ‍ॅक्सोलॉटल चावून खात नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घेतो. भक्ष्याच्या शेजारी खडा असेल तर खडाही आत जातो, आणि तो आतड्यात अडकला की प्राणी दगावू शकतो. म्हणून खडे पूर्ण वर्ज्य. काही जण तळ उघडाच ठेवतात, आणि लहान पिल्लांसाठी तेच योग्य आहे. पण गुळगुळीत काचेवर मोठ्या प्राण्याचे पाय घसरतात, असे माझे निरीक्षण आहे. चिरोटा आणि चिंच पंधरा सेंटिमीटरच्या पुढे वाढल्यावर आम्ही एक मिलिमीटरपेक्षा बारीक वाळूचा दोन सेंटिमीटर थर दिला. तांदूळ धुताना पाणी निवळेपर्यंत धुतो तशीच ही वाळू धुवायची. फरक इतकाच की तांदळाला तीन पाणी पुरतात आणि या पंधरा किलो वाळूने माझा अख्खा रविवार घेतला. लपायला मातीच्या कुंड्या आडव्या ठेवल्या आणि प्लंबिंगच्या रुंद पीव्हीसी नळ्यांचे तुकडे कडा घासून टाकले. या प्राण्याला पापण्या नसतात, त्यामुळे उजेड नकोसा झाला की डोळे मिटून घेण्याची सोय त्याला नाही. लखलखीत दिवा परत गेला. मंद उजेडात तगणारी अनुबियास आणि जावा फर्न ही झाडे लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्याने बांधून सोडली आहेत. वाळूत लावलेली झाडे या दोघी रात्रीत उपटून ठेवतात.

फिल्टर हवा, पण प्रवाह नको, अशी इथली अडचण आहे. वाहत्या पाण्यात सतत राहावे लागले तर अ‍ॅक्सोलॉटलच्या कल्ल्यांची टोके पुढे वळू लागतात आणि तो खाणे सोडतो. आम्ही दोन मोठे स्पंज फिल्टर एका एअर पंपावर चालवतो. पंपाची हवा स्पंजातून पाणी हळूहळू ओढते, बुडबुडे वर जातात आणि पाण्यावर जेमतेम तरंग उठतो. हे साधन दिसायला ओबडधोबड आणि किमतीने क्षुल्लक आहे, पण सगळ्या टाकीचा प्राण त्या दोन स्पंजांत आहे.

टाकी मुरवण्याचे काम या स्पंजांतच चालते. छंदाच्या भाषेत याला ‘सायकल करणे’ म्हणतात, पण मला ‘मुरवणे’ हाच शब्द अधिक नेमका वाटतो. प्राण्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो विषारी आहे आणि उघड्या, नाजूक कल्ल्यांना तर आधी भाजतो. स्पंजात वस्ती करणारे एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्राइटही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात सोसते आणि पाणी बदलून काढून टाकता येते. हे दोन्ही जिवाणू विकत आणलेल्या कोऱ्या टाकीत जवळजवळ नसतातच. प्राणी आधी आणला आणि जिवाणू नंतर आले, तर मधल्या काळात तो स्वतःच्याच विषात बसून राहतो.

म्हणून आम्ही प्राण्याऐवजी बाटलीतला अमोनिया आणला. त्यात सुवास किंवा साबण नसावा. बाटली हलवली आणि फेस टिकून राहिला तर ती परत करावी. तो थेंबाथेंबाने घालून पाण्यातले प्रमाण दोन पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग, इतके केले आणि रोज संध्याकाळी थेंबांच्या चाचणीपेटीतून तपासायला लागलो. कागदी पट्ट्यांपेक्षा ही थेंबांची पेटी महाग पडते, पण अचूक असते. आमच्या पेटीत अमोनिया नसेल तर रंग पिवळा आणि असेल तर हिरवा येतो. तीन आठवडे तो हिरवाच येत राहिला. मग लक्षात आले की ऑक्टोबरातल्या आमच्या सतरा अंशांच्या पाण्यात जिवाणूंना वाढायची घाईच नव्हती. ज्या हीटरला मी नावे ठेवली तो माळ्यावरून काढला आणि रिकाम्या टाकीत पाणी पंचवीस अंशांवर नेले. आणि गावातच राहणाऱ्या, बरीच वर्षे मासे पाळणाऱ्या एका स्नेह्यांकडून त्यांच्या निरोगी टाकीतला एक मळकट स्पंज मागून आणला. तो आमच्या फिल्टरशेजारी सोडला, त्या दिवशी फोनवर आईला हे सांगताना ती एका वाक्यात म्हणाली, ‘म्हणजे विरजण लावलंस, अगं!’ तिच्या या एका शब्दाने जे लेकीला कळले ते माझ्या महिनाभराच्या स्पष्टीकरणाने कळले नव्हते. दुधाचे दही व्हायला चमचाभर जुने दही आणि थोडी ऊब लागते; इथेही नेमके तेच लागले.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइटची चाचणी गडद जांभळी झाली. तो जांभळा रंग पुढे महिनाभर हटला नाही, आणि सर्वांत जास्त धीर याच टप्प्यावर सुटतो. डिसेंबरच्या मध्यावर एकदाचे असे झाले की आज दोन पीपीएम अमोनिया घातला आणि चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. मग साठलेले नायट्रेट काढायला टाकीतले बरेचसे पाणी बदलले, हीटर कायमचा काढला, आणि थंड पाण्यातही हे जिवाणू तितकेच काम करतात का, हे जानेवारीभर अमोनिया घालत तपासले. ते जरा मंदावले, पण कामाला पुरेसे होते. आता अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वीस पीपीएमच्या आत, एवढी हद्द आम्ही पाळतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बऱ्याच ठिकाणी क्लोरामिन असते. क्लोरीन बादलीत रात्रभर ठेवले तर उडून जाते, क्लोरामिन जात नाही, म्हणून नवे पाणी घालताना ते नाहीसे करणारे द्रावण प्रत्येक वेळी वापरावे लागते; ते निवडताना त्यात कोरफड नाही ना, हे बाटलीवर वाचून घ्यावे, कारण माशांना चालणारे हे घटक उभयचरांच्या पातळ त्वचेला चालतीलच असे नाही. स्पंज मात्र नळाखाली कधीही धुवायचा नाही, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि महिन्यांची मेहनत मोरीत जाते. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलक्या हाताने पिळायचा. रेडिंगचे पाणी जड आहे. किटलीत महिनाभरात पांढरा थर बसतो आणि आम्ही त्याच्या नावाने बोटे मोडतो. अ‍ॅक्सोलॉटलला मात्र असेच क्षार असलेले पाणी मानवते. घरात या पाण्याबद्दल कुणीतरी खूश आहे, एवढे समाधान.

आता उष्णतेविषयी. या प्राण्याला सोळा ते अठरा अंश उत्तम, वीसपर्यंत ठीक, आणि चोवीसच्या पुढे जास्त दिवस राहिले तर भूक जाते, अंगावर बुरशी धरते आणि जीव धोक्यात येतो. इंग्लंडात याची काय काळजी, असे आम्हाला वाटले होते. मग २०२२चा जुलै आला. १९ जुलैला लिंकनशायरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. या देशात चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. इथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात, वातानुकूलन क्वचितच असते, आणि आमचा दिवाणखाना संध्याकाळपर्यंत एकतीस अंशांवर पोहोचला. टाकीतले पाणी सव्वीस. चिरोटाचे कल्ले पुढे वळले होते आणि शेपटीचे टोक वाकले होते.

माझे लहानपण नागपुरात गेले. मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरण्यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या, आणि कूलर का चालतो हे आम्हाला शाळेच्या आधी घरी कळले होते: हवा कोरडी असली की पाणी झपाट्याने उडते आणि उडताना मागे उरलेल्याची उष्णता घेऊन जाते. माठाचेही तेच. म्हणूनच नागपूरच्या उन्हाळ्यात माठातले पाणी दाताला कळ लावते आणि मुंबईच्या दमट हवेत तोच माठ नुसता ओला राहतो. इंग्लंडातली ती लाट कोरडी होती. मी झाकणाच्या जाळीवर दोन छोटे पंखे तिरके बांधले, त्यांचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल असा ठेवला, टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोलचे पत्रे लावले आणि पडदे बंद केले. सकाळपर्यंत पाणी साडेबावीस अंशांवर उतरले. सोबत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्याही सोडल्या, पण एका वेळी एकच, कारण मोठा बर्फ टाकून पाणी एकदम पाच अंशांनी उतरवणे हाही त्या जिवाला धक्काच असतो. शेवटचा उपाय म्हणून झाकणाचे दोन डबे आणि फ्रीजचा एक कप्पा मोकळा करून ठेवला होता. अनुभवी पाळणारे अडचणीच्या वेळी प्राण्याला डब्यातल्या स्वच्छ पाण्यात ठेवून फ्रीजमध्ये थंड करतात. आमच्यावर ती वेळ आली नाही.

पंख्याने रोज दोन-तीन लिटर पाणी उडते, हे ध्यानात ठेवावे. उडते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात; त्यामुळे ती तूट नळाच्या जड पाण्याने भरत राहिल्यास क्षारांचे प्रमाण चढत जाते. आम्ही त्या दिवसांत तूट भरण्यापुरते क्षार काढलेले पाणी वापरतो.

दोघींना एकत्र ठेवण्याबद्दल थोडक्यात. हे प्राणी एकमेकांवाचून कष्टी होत नाहीत, आणि लहान वयात तर हलणारी प्रत्येक गोष्ट त्यांना खाऊ वाटते, त्यात भावंडाचा पायही आला. तो पाय पुन्हा उगवतो, ही या जातीची जगप्रसिद्ध करामत, पण ती घरी बघण्याची हौस धरू नये. दोघी सारख्या आकाराच्या होईपर्यंत टाकीत मध्ये जाळी होती, आणि दोघीही माद्या असल्याची खात्री झाल्यावरच ती काढली. जोडी असती तर शेकडो अंड्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला असता. मासे सोबतीला नाहीत. लहान मासा गिळला जातो आणि मोठा मासा कल्ले कुरतडतो. खायला गांडुळे, दर दोन-तीन दिवसांनी. आमचे घर शाकाहारी आहे, त्यामुळे फ्रीजच्या दारात ताकाच्या बाटलीशेजारी गांडुळांचा डबा ठेवण्यास मंजुरी मिळवणे हे टाकी मुरवण्यापेक्षा अवघड गेले. अखेरीस डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘चिंच’ असे लिहिले, आणि आमटी करणाऱ्या सासूबाईंनी तो एकदा उघडल्यावर तेही खोडावे लागले.

नागपूरच्या मावसभावाने छायाचित्रे पाहून आपल्याकडेही टाकी मांडण्याचा बेत कळवला. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. अ‍ॅक्सोलॉटल हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी आहे, आणि भारतात वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करणे पाळणाऱ्याला बंधनकारक झाले आहे. कागद नसलेला प्राणी कुणी कितीही गोड बोलून दिला तरी घेऊ नये. दुसरे असे की नागपूरच्या मे महिन्यात पंखा पुरणार नाही. तिथे पाणी थंड करणारे चिलर यंत्र लागेल, ते वर्षातले आठ महिने चालवावे लागेल, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी फ्रीज की आधी टाकी, याचा निर्णय घरात आधीच झालेला असावा. त्याने गप्पी मासे आणले.

आमच्या टाकीचे आठवड्याचे काम आता तासाभराचे आहे. रविवारी सकाळी चाचणी, मग पाव टाकी पाणी बदलणे, काचेवरचे शेवाळ पुसणे; विष्ठा रोजच्या रोज रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने उचलली जाते आणि ते काम लेकीकडे आहे. मे उजाडला की जाळीवर पंखे बांधायचे आणि सप्टेंबरअखेर उतरवायचे. पंखे बांधले त्या पहिल्या दिवशी त्या घरघरीने चिंच दर वर्षी नळीतून बाहेर येते, टाकीच्या कोपऱ्यात उभी राहून वर बघते आणि थोड्या वेळाने पुन्हा आत जाते.